बर्फाआधीचा दुसरा खड्डा

"दोन कशापायी रं खनल्यास, तोकु?"

"सांगितलं म्हनून."

"कुनी?"

"मालकानं."

"आन् दुसरा कुनाचा, त्ये इचारलं न्हाईस?"

"न्हाई."

"शेन खाल्लंस," ओतोमे म्हातारी म्हणाली आणि ढकलगाडीचा दांडा धरून खड्ड्याच्या काठावर थबकली.

तोकुजी गळ्याएवढ्या खोल खड्ड्यात उभा राहून फावड्यानं कडा तासत होता. वरून बघणाऱ्याला त्याचं डोकं, डोक्याला गुंडाळलेला पंचा आणि अधूनमधून उडणारी माती एवढंच दिसलं असतं. म्हातारी ब्याण्णव वर्षांची, कमरेतून काटकोनात वाकलेली. हिनोकुरा वाडीपासून वरच्या ह्या दफनभूमीपर्यंत चांगला चढ आहे. तो चढून ती आली होती ती काही मुळे उपटायला नव्हे.

"एक खनतोस दर साली, त्ये ठावं हाय मला. जिमीन गोठायच्या आत खनायचं, ताडपत्री टाकायची, मढं आलं की उघडायचं. त्येलाच आमचा जीव वर-खाली हुतो. आमच्या टायमाला खड्डा खनला की मढं येईस्तवर एक गडी हितंच बसायचा. दारू पीत. वर कोयता टांगल्याला. मोकळा खड्डा मानसाला हाक मारतो, त्यो टाकून कुनी घरला जात न्हवतं. आन् तू म्हैना म्हैना सोडून जातोस."

"ताडपत्रीवर दगूड ठेवतो की, काकू."

"दगडाला कोन भितंय?" म्हातारीनं नाक ओढलं. "आन् त्यात निजतोस म्हनं."

"निजतो. माप घ्याया लागतं. आन् आमच्यात तसं करत्यात."

"डोकं कुठं करून?"

"उत्तरंला."

"उत्तरंला? मग आमच्यावानीच की! मला वाटलं, तुमचं काय तरी येगळंच आसंल."

"तोंड तेवढं पश्चिमंला. समुद्राकडं."

म्हातारीनं गाडी चार पावलं पुढं ढकलली आणि दुसऱ्या खड्ड्यात डोकावली. बराच वेळ डोकावली. देवदारांच्या शेंड्यांवरून कावळ्यांचा थवा खाली वाडीकडं गेला, तरी तिनं मान वर केली नाही.

"ह्यो आखूड हाय," ती म्हणाली.

"खाली दगूड लागला."

"लागला न्हवं, लावला. माझ्या मापाचा हाय ह्यो, तोकु."

तोकुजी हसला. पण म्हातारी हसली नाही. तिनं गाडी वळवली आणि उताराला लागली, आणि जाताना एकदाही मागं वळून काही बोलली नाही. ती न बोलता गेली, हे तोकुजीला ठीक वाटलं नाही. ओतोमे काकू बोलल्याशिवाय कुठून उठत नसे. तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीत भिक्षूचे मंत्र चालू असतानासुद्धा ती बोलतच होती.

तोकुजी ओगिसो एकाहत्तर वर्षांचा. ह्याच वाडीत जन्मला. बाप कोळसा पाडायचा, आई रेशमाचे किडे पोसायची. शाळा सुटली तसा तो बोगद्यांच्या कामावर गेला, आणि पोकलेनवर बसला तो आजतागायत उतरला नाही. निम्म्या देशाचे डोंगर त्यानं कोरले. हात असा की पोकलेनच्या दातानं अंड्याचं टरफल उचलून दाखवायचा, दारूच्या पैजेवर. पैज जिंकायचा आणि दारूही प्यायचा. बायको सुमिए गेली, मग तर पैजेचीही गरज उरली नाही.

त्या दिवसांत बंदरावर बशारतसाहेबांचा जुन्या गाड्यांचा तळ होता. पंजाबातून आलेला हा माणूस, पाकिस्तानातल्या पंजाबातून. इथल्या मोडीत काढलेल्या गाड्या घ्यायच्या आणि जहाजावर चढवून सायबेरियाला धाडायच्या, हा धंदा. ज्या गाड्या जाण्यासारख्या नसत त्या चेपायला पोकलेनवाला लागायचा. तोकुजी दारूच्या वासासकट कामावर आला. बशारतसाहेबांनी त्याला हाकललं नाही. चेपायला दिलेल्या पहिल्या गाडीतून त्यानं काच न फोडता आरसा काढून दिला, ते बघितलं होतं त्यांनी.

गुरुवारी संध्याकाळी तळावरची माणसं रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या दुकानात जमत. फळ्यांवरचा माल जाऊन तिथं गालिचे अंथरले होते. काचेवर आईस्क्रीमचं जुनं चित्र मात्र तसंच. पाकिस्तानी, दोघे-तिघे सिंहली, मासळीच्या कारखान्यातल्या इंडोनेशियाच्या पोरी, आणि चार-पाच इथलीच माणसं, ज्यांनी कलमा पढला होता. बशारतसाहेबांना त्यांच्या मुलखातल्या पिरानं खिलाफत दिलेली. म्हणजे इथं ह्या मंडळींचे पीर तेच. तोकुजी पहिल्यांदा गेला तो मटणाच्या रश्श्यासाठी गेला, हे तो स्वतःच सांगतो. दुसऱ्यांदाही त्यासाठीच. तिसऱ्या वेळेला तो रश्श्याच्या आधी पोचला आणि जिक्रात बसला. डोळे मिटून आत-बाहेर श्वास, प्रत्येक श्वासात एकच नाव, आवाज नाही. त्याला वाटलं, हे तर आपण बोगद्यात रोज करत होतो, फक्त नाव नव्हतं.

तीन वर्षांनी तो युनूस झाला. वाडीनं ते मनावर घेतलं नाही. पण शरदातल्या जत्रेत त्यानं दारूचा पेला पालथा घालून सातूचा चहा मागितला, तेव्हा मात्र वाडी दुखावली ती दुखावलीच.

आणि मग मंडळींतला एक सिंहली खलाशी मेला. ह्या देशात मेलेल्या माणसाला जाळतात, भट्टीत. पुरायला जागाच नाही. जिथं आहे ती दिवसभराच्या वाटेवर, आणि तीही भरलेली. बशारतसाहेब तीन दिवस मढं बर्फात ठेवून दारोदार फिरले. तेव्हा तोकुजीला वाडीच्या वरची जुनी जागा आठवली. त्याच्या आज्यापणज्यांना तिथं लाकडी पिंपात मांडी घालून बसवून पुरलं होतं. भट्टी आली, पुरणं थांबलं, पण नगरपालिकेच्या कागदावर ती जागा अजून दफनभूमीच होती. वाडीनं कुरकुरत होकार दिला. अटी तीन: एका वेळी एकच खड्डा उघडा. त्यावर ताडपत्री. आणि दर नोव्हेंबरात वाडीप्रमुखानं कागदावर शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर पालिका त्या वर्षी परवाना देत नाही.

डिसेंबर ते मार्च तिथं पुरुषभर बर्फ असतो. पोकलेन वर चढत नाही आणि जमिनीत पहार शिरत नाही. म्हणून आधीच एक खणून ठेवायची. सात कबरी झाल्या अशा. सातही तोकुजीनं खणलेल्या.

यंदा बशारतसाहेबांची मूत्रपिंडं गेली. ऑक्टोबरात, शेवटचे जिक्राला आले तेव्हा खुर्चीवर बसलेले, पाय सुजून बुटांत मावत नव्हते. निघताना म्हणाले, "युनूस, यंदा दोन खण."

"व्हय, मालक."

एवढंच. पिरानं सांगितल्यावर 'का' विचारायचं नाही, ही मंडळींची रीत. तोकुजीला ती जड गेली नाही कधी. बोगद्यात मुकादमानं सांगितल्यावरही 'का' विचारत नसत.

म्हातारी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सूचनांची फळी आली नाही.

वाडीत अकरा घरं. पालिकेचे कागद, कचऱ्याचे दिवस, कुणाच्या घरी काय आहे ते सगळं एका फळीला अडकवून घरोघर फिरतं. आपण वाचायचं, सही करायची, पुढच्या दारात ठेवायची. तोकुजीला ती ओतोमेच्या घरून येते. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी त्यानं बघितलं तर फळी त्याच्या पलीकडच्या घराच्या पायरीवर होती. त्याचं घर गाळून पुढं गेलेली.

कोणी ओरडलं असतं तर तो समजला असता. दगड मारला असता तरी. फळी गाळून पुढं जाते तेव्हा काय असतं ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या लहानपणी एका घराचं तसं झालं होतं. वाडीनं त्यांच्याशी फक्त दोन गोष्टी ठेवल्या: आग लागली तर जायचं आणि कुणी मेलं तर जायचं. ते घर तीन हिवाळे टिकलं.

दुपारी इवाजिरो आला. वाडीप्रमुख तोच, आणि ओतोमेचा मुलगाही तोच. शाळेत तोकुजीच्या बाकावर बसायचा, त्याच्या डब्यातलं लोणचं चोरायचा. गमबूट न काढता तो पायरीवर टेकला.

"आई जेवंना झालीया," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"वरनं आल्यापासनं. आल्याबरुबर अंथरून घातलं. भिंतीकडं तोंड करून पडलीया. म्हनती, माप घेतलंय माझं, आता कशाला जेवू."

"म्हातारीचं काय घिऊन बसलास इवा. आखूड झाला त्यो खालच्या दगडानं."

"म्या बी तेच सांगितलं. म्हनली, दगूड कुनी ठिवला?" इवाजिरोनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "हे बग तोकु. तू काय पूजतोस, काय खातोस, वाडीनं कदी इचारलं न्हाई. वरनं आमचं पिन्याचं पानी येतं, तरी सात मढी वर हायती, आमी गप हाय. एक खड्डा ठरला हुता. दोन न्हाई."

"व्हय."

"मग?"

"मालकानं सांगितलं."

"तुझ्या मालकानं उद्या आमाला समद्यास्नी पुरायला सांगितलं, तर?"

इवाजिरोला स्वतःलाच ते लागलं. त्यानं आवाज खाली घेतला.

"आयतवारी बैठक हाय. कागूद माझ्याकडं आलाय. एक खड्डा दिसला तर शिक्का मारीन. दोन दिसलं तर न्हाई. आन् मग त्यो एक बी चालायचा न्हाई. तुझ्या मालकाला भट्टीतच न्यावं लागंल."

"रस्त्याचा बर्फ कोन काढनार मग यंदा?" तोकुजीनं विचारलं. वाडीचा रस्ता पंधरा हिवाळे तोच लोडरनं काढत आला होता.

इवाजिरो उठला. "धमकी देतुयास?"

"न्हाई. इचारतुया."

"आईनं तीन दिस घोटभर पान्याबिगर काय बी घेतलं न्हाई, तोकु," तो म्हणाला आणि गेला.

शुक्रवारी तोकुजी छोटा ट्रक काढून बंदराच्या दवाखान्यात गेला. वाटेत मुलीचा फोन आला. हारुए ओसाकात असते. बापाला महिन्यातून एकदा फोन करते आणि दर वेळी तेच बोलते.

"बाबा, बर्फ पडायच्या आत एकदा देवळात जाऊन आईची कबर धुऊन घ्या. आणि तुमच्या नावाचा रंग उडालाय म्हणे, भिक्षू सांगत होते. भरून घेऊ का?"

सुमिए गेली तेव्हा दगडावर तिच्या नावाशेजारी तोकुजीचंही नाव कोरून घेतलं होतं. जिवंत असलेल्याचं नाव लाल रंगात भरतात, मेला की तो लाल धुऊन काढतात. तेव्हा तो युनूस नव्हता. दगडाखालच्या कोनाड्यात सुमिएच्या राखेशेजारी एका भांड्याची जागा रिकामी आहे.

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे म्हणजे? मी काय ते डोंगरातलं वगैरे करणार नाही हं. मला जमायचं नाही. तिकडं खणायला कोण येणार आहे? इथं सगळं तयार आहे."

"गाडी चालवतुया," तो म्हणाला आणि फोन ठेवला. सुमिएशेजारी पडायला त्याची ना नव्हती. ना होती ती भट्टीला. तिच्या वेळी हाडं वेचायला तो उभा होता. लांब काड्यांनी एकेक हाड उचलून भांड्यात घालतात. शेवटी सगळं मावावं म्हणून भट्टीवरचा माणूस वरून दाबतो. तो आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता.

खोलीत बशारतसाहेब उशांना टेकून बसले होते. तोंड पिवळं, हात मात्र तसबीहच्या मण्यांवर चालू. पलंगाशी तिघे-चौघे गाड्यांचे दलाल हात बांधून उभे. एक नर्स सुई लावत होती. बशारतसाहेब इथली भाषा गाड्यांच्या लिलावात आणि तळावर शिकलेले. त्यामुळे ते डॉक्टरलाही हमालासारखं बोलतात.

"ए, हळू टोच. मागून ट्रक येतोय का?"

नर्स हसू दाबत बाहेर गेली. तोकुजी पुढं झाला, हाताला हात लावला.

"मालक, शिक्का मिळत न्हाई. दोन दिसलं म्हनून."

"दोन दिसले म्हणजे?"

"खनलं न्हवं का. दोन. तुमी सांगितल्यावानी."

बशारतसाहेबांची बोटं थांबली. "आत्ताच खणलंस? शिक्क्याआधी?"

"सांगितलं यंदा."

"अरे यंदा म्हणजे कागद हातात आल्यावर! नंबरप्लेट मिळायच्या आधी गाडी रस्त्यावर काढतो का कोणी? मला वाटलं तू विचारशील."

"इचारायचं न्हाई म्हनता नव्हं तुमी."

दलालांपैकी एकानं खोकून तोंड फिरवलं. बशारतसाहेब छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणतो. मीच शिकवलं."

"दुसरी कुनाची हाय, मालक?"

"आता विचारतोस!" ते हसायला गेले आणि धाप लागली. "तुझी."

"माझी?"

"सात खणल्यास. माझी आठवी. तू मेलास की तुझी कोण खणणार? हा?" त्यांनी तसबीहच्या टोकानं एका दलालाकडं बोट केलं. "ह्याला टायर बदलता येत नाही. फोनवरून गाड्या विकतो. तो? तो चिखलात पाय घालत नाही. ह्या पोरी कारखान्याची मुदत संपली की घरी जाणार. माझ्या डोळ्यांदेखत तुझी तयार असावी असं वाटलं. झोप लागत नव्हती मला त्यानं."

तोकुजीला एकदम दुसरा खड्डा डोळ्यांपुढं आला. खालच्या दगडानं तो आखूड झाला होता हे खरं. पण पहिल्याला त्यानं बशारतसाहेबांची उंची काठीवर मोजून घेतली होती. दुसऱ्याला काहीच मोजलं नव्हतं. हात चालले तसा खणला.

"मग बुजवू का ऱ्हाऊ दिऊ?" त्यानं विचारलं.

"मी काही सांगत नाही."

"मालक."

"माझ्या सांगण्यानं एवढं झालं. तुझी आहे, तू ठरव." बशारतसाहेबांनी डोळे मिटले. "आणि लवकर ठरव, युनूस. मला फार वेळ नाही."

वीस वर्षांत ह्या माणसानं त्याला काही ना काही सांगितलं नाही असा दिवस नव्हता. आज तो पहिलाच.

शनिवारी सकाळी त्यानं पोकलेन वर नेलं.

आभाळ खाली आलं होतं आणि वारा पडला होता. बर्फाआधी वारा असा पडतो. खाली वाडीत अकरा घरांतून धूर निघत होता आणि कुठंच आवाज नव्हता, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. इवाजिरोच्या माजघराची खिडकी वरून दिसते. तिचे पडदे अजूनही ओढलेलेच होते.

त्यानं दोन्ही ताडपत्र्या काढल्या. पहिल्यात तो खणला त्याच दिवशी निजून झाला होता. आता दुसऱ्यात उतरला. उजव्या कुशीवर, डोकं उत्तरंला, तोंड समुद्राकडं. मंडळींची रीत अशी, की खणणाऱ्यानं शंभर श्वास तरी आत घालवायचे. कबरीला माणसाची ओळख पटावी आणि माणसाला कबरीची. दर साली तो निजायचा तेव्हा त्याला वर आभाळाची पट्टी दिसायची आणि मातीचा वास बरा वाटायचा. ह्या खड्ड्यात त्याचं डोकं एका टोकाला टेकलं आणि पायांचे तळवे दुसऱ्या टोकाला टेकले. सुताचाही फरक नव्हता. त्यानं श्वास मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या पुढं त्याची मोजदाद चुकली. कानाखाली, मातीत, कुठंतरी पाणी चालल्याचा आवाज येत होता. वाडीचं पिण्याचं पाणी ते. इतक्या वर्षांत त्यानं तो कधी ऐकला नव्हता. उठायला गेला तर हाताला धरायला काही मिळेना. कडा त्यानंच इतक्या गुळगुळीत तासल्या होत्या. शेवटी फावडं आडवं लावून, गुडघे सोलून घेत तो वर आला.

वर येऊन तो तसाच बसला. आता त्यानं ठरवायचं होतं. खड्डा राहू दिला तर रविवारी शिक्का नाही आणि बशारतसाहेब भट्टीत जातील. बुजवला तर ते समुद्राकडं तोंड करून निजतील, आणि तोकुजीसाठी देवळातला लाल अक्षरांचा दगड आहे. तिसरं काही सुचतंय का, ह्याची त्यानं वाट पाहिली. शिक्क्यानंतर पुन्हा खणावा, तर म्हातारी पुन्हा अंथरूण धरणार. तिसरं काही नव्हतं.

त्यानं पोकलेन सुरू केलं आणि माती आत ढकलायला लागला.

निघालेली माती सगळी खड्ड्यात गेली तरी खड्डा भरला नाही. हे त्याला चमत्कारिक वाटलं. खणलेली माती फुगते, उरते. कुठल्याही पोकलेनवाल्याला विचारा. इथं ढीग संपला आणि वर वीतभर खोल, माणसाच्या लांबीची खोलगट जागा तशीच राहिली. पहिल्या खड्ड्याचा ढीग शेजारी होता, पण एका कबरीची माती दुसरीत घालायची नसते. पोकलेनच्या बादलीनं त्यानं ती जागा थापली. ती आणखी खचली. मग मात्र त्यानं यंत्र बंद केलं, त्यावर थोडी पानं ओढली आणि खाली आला.

रविवारी इवाजिरो दोघांना घेऊन वर जाऊन आला. कागदावर शिक्का पडला. फळी तोकुजीच्या दारात आली, तिच्यावर मागच्या आठवड्याचेच कागद होते. संध्याकाळी ओतोमेनं पातळ भात मागितला.

मंगळवारी बर्फ सुरू झाला तो थांबेचना. बुधवारी पहाटे बशारतसाहेब गेले.

गुरुवारी दुपारपर्यंत तोकुजीनं लोडरनं वरपर्यंत वाट काढली. मढ्याची गाडी आली, मागून बारा-पंधरा मोटारी. दलाल कातडी बुटांत, पोरी स्वेटरवर स्वेटर घातलेल्या. तोकुजी खाली उतरला आणि वरून दिलेलं कफनातलं मढं त्यानं हातांवर घेतलं. मोठा माणूस वाळून गेला होता. कुशीवर वळवून, पाठीला मातीचा टेकू देऊन, तोंड समुद्राकडं केलं. वर आला तेव्हा जो तो मूठ मूठ माती टाकत होता. फावडी चार आणली होती. तोकुजी त्यांचे हात बघत उभा राहिला. एकानं फावडं उलटं धरलं होतं. दुसऱ्यानं चार फावडी माती लोटली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एवढ्यात मागं सरकताना एक दलाल गुडघ्यापर्यंत बर्फात गेला आणि ओरडला. शेजारच्या बर्फात ती खोलगट जागा दबून बसली होती, लांबट, सरळ, उत्तर-दक्षिण.

"इथं कोण आहे, युनूसभाई?" तो पाय झाडत म्हणाला.

"कुनी न्हाई," तोकुजी म्हणाला आणि त्याच्या हातातलं फावडं घेतलं.

फातिहा झाली, मोटारी खाली गेल्या. देवदाराखाली इवाजिरो टोपी हातात धरून उभा होता. कुणी मेलं तर जायचं, म्हणून आला होता.

"काकू?" तोकुजीनं विचारलं.

"बसलीया उठून. जेवती. तोंड बी सुटलंय." इवाजिरो थांबला. "पन एक म्हनती. खड्डा बुजला म्हनून हाक परत जात न्हाई. मला न्हाई, तर जेनं खनला त्येला."

"म्हातारीला काय."

"म्या बी तेच म्हनलो."

बर्फ दोघांच्या खांद्यांवर साचत होता. तोकुजीनं फावडी गोळा करून ट्रकमध्ये टाकली. मग त्याच्याकडं न बघता म्हणाला, "इवा, तुला पोकलेन चालवाय येतं. म्या शिकिवलंय."

"येतं."

"म्या गेलो तर खनशील? एकच. शिक्का तुझाच असंल."

इवाजिरो टोपी झटकत राहिला. बर्फ झटकून झाला तरी झटकत राहिला. "म्या बी एकाहत्तरचा हाय, तोकु," तो शेवटी म्हणाला. "आन् पोरगी हाय न्हवं तुझी. देवळात दगूड बी हाय."

"हाय."

"मग?"

तोकुजीनं पंचा सोडून पिळला आणि पुन्हा डोक्याला बांधला.

"पाचाला आईच्या औषधाची गाडी यायचीया," इवाजिरो म्हणाला. "खालचं वळान पार भरलंय."

"बगतो."

तो लोडरवर चढला. यंत्र थंडीत दोनदा घुटमळलं, तिसऱ्यांदा लागलं. त्यानं पातं खाली टेकवलं, दिवा लावला आणि खालच्या वळणाचा बर्फ कडेला लोटायला घेतला.